हृदयाच्या झडपांचे विकार : निदानाची वेळ आणि उपचारांची निवड

सारांश

हृदयाच्या झडपांचे विकार सावकाश वाढतात आणि दीर्घकाळ लक्षणांवाचून राहतात. श्रीमंत देशांत हे विकार आज मुख्यतः वार्धक्यात आढळतात. भारतात मात्र बालपणीच्या संधिज्वरातून उद्भवणाऱ्या झडपविकाराचे प्रमाण अद्यापही लक्षणीय आहे व त्याची झळ ऐन तारुण्यात बसते. प्रस्तुत लेखात झडपांचे कार्य, संधिज्वरातून होणारी त्यांची हानी, निदानाच्या पद्धती आणि उपलब्ध उपचार यांचे विवेचन केले असून, निदान कोणत्या टप्प्यावर होते यावरच उपचारांची निवड अवलंबून असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्या अनुषंगाने शाळा-महाविद्यालयांच्या भूमिकेचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : हृदयझडप, संधिज्वर, मिट्रल संकोच, इकोकार्डिओग्राफी, पेनिसिलीन, कृत्रिम झडप, आयएनआर.

१. प्रस्तावना

‘हृदयविकार’ हा शब्द उच्चारताच हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांतील अडथळा आणि त्यातून येणारा झटका यांचेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मानसिक ताण यांविषयी होणारे आरोग्यप्रबोधनही प्रामुख्याने याच विकाराशी संबंधित असते. झडपांचे विकार या प्रबोधनाच्या कक्षेबाहेर राहतात. ते एकाएकी प्रकट होत नाहीत. झडप बिघडू लागल्यापासून रुग्णाला दम लागेपर्यंत मध्ये दहा-वीस वर्षे जाऊ शकतात आणि या अवधीत हृदय अतिरिक्त भार मुकाट्याने सोसत राहते.

या विकारांची दोन भिन्न रूपे आढळतात. वयाच्या सत्तरीच्या आसपास महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियमचे थर साचून ती अरुंद होणे, हे एक रूप होय. युरोप-अमेरिकेत आज तेच प्रमुख आहे आणि आयुर्मान वाढत असल्याने भारतातही ते वाढत आहे. दुसरे रूप संधिज्वराचे, ज्यास वैद्यकात ‘ऱ्हुमॅटिक फीवर’ असे म्हणतात. त्याची सुरुवात साधारणतः ५ ते १५ या वयोगटात होते. राहणीमान सुधारल्यावर आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावर श्रीमंत देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. मात्र भारतासह आशिया, आफ्रिका व प्रशांत महासागरातील बेटांवर तो टिकून आहे. जागतिक आरोग्य सभेने २०१८ मध्ये या विकाराविषयी स्वतंत्र ठराव संमत केला, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे.

२. झडपांची रचना व कार्य

हृदयात चार कप्पे असतात : वरचे दोन अलिंद व खालचे दोन निलय. रक्तप्रवाह एकाच दिशेने राहावा यासाठी चार झडपा असतात. डावे अलिंद व डावे निलय यांच्यामधील झडप मिट्रल, तर उजवीकडील त्रिदली म्हणून ओळखली जाते. डाव्या निलयातून महाधमनी व उजव्या निलयातून फुप्फुस धमनी निघते. त्यांच्या मुखाशी उर्वरित दोन झडपा असतात. मिट्रल झडपेला दोन आणि इतर तिन्ही झडपांना प्रत्येकी तीन दले असतात.

ही दले पातळ व लवचीक असतात. त्यांना स्वतःचे स्नायुबळ नसते. दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकामुळे ती उघडतात व मिटतात. मिनिटाला ७२ ठोके या हिशेबाने दिवसाला एक लाखाहून अधिक आणि वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा प्रत्येक झडप उघडते व मिटते. या अविरत कामाचा विचार केल्यास, दलांना आलेला किंचित जाडपणा वा ताठरपणा पुढे मोठ्या बिघाडाचे कारण का ठरतो, हे समजू शकते.

झडपेचा बिघाड मूलतः दोन प्रकारचा असतो. दले एकमेकांना चिकटून किंवा ताठर होऊन मार्ग अरुंद होणे म्हणजे संकोच. दले नीट न मिटल्याने रक्त उलट दिशेने परतणे म्हणजे गळती. संकोचात मागील कप्प्यातील दाब वाढतो, तर गळतीत त्याच रक्ताचे पुन्हा पुन्हा वहन करावे लागल्याने कप्पा ताणला जातो. एकाच झडपेत दोन्ही दोष एकत्र असणेही संधिज्वराच्या रुग्णांत वारंवार दिसते.

३. कारणमीमांसा

झडपविकार काही वेळा जन्मजात असतो. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच दले असणे हा त्यातील सर्वांत सामान्य प्रकार असून तो शंभरात एक-दोन व्यक्तींत आढळतो. अशी झडप मध्यम वयातच ताठर होऊ लागते. जंतुसंसर्गाने दलांना छिद्र पडणे, मिट्रल झडपेला आधार देणारे तंतू तुटणे, हृदयस्नायू दुर्बल होऊन झडपेचे कडे रुंदावणे ही इतर कारणे होत.

संधिज्वराची प्रक्रिया मात्र वेगळी आहे. ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस या जंतूमुळे मुलाचा घसा दुखतो व ताप येतो. हे दुखणे चार-पाच दिवसांत आपोआप शमते. जंतूशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिकारयंत्रणा मात्र काही मुलांमध्ये स्वकीय व परकीय असा भेद करण्यात चुकते. जंतूवरील काही प्रथिनांचे हृदय, सांधे व मेंदू यांतील घटकांशी साम्य असते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनंतर हीच यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर आघात करू लागते. सांधे सुजतात, एका सांध्याचे दुखणे ओसरते तोच दुसरा सांधा धरतो. काही मुलांच्या हातापायांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात. हृदयाला सूज येते. सांध्यांचे दुखणे कोणतीही खूण न ठेवता बरे होते. झडपेवर मात्र व्रण राहतो.

एका आघाताने झडप निकामी होतेच असे नाही. घशाचा संसर्ग पुन्हा होतो, त्यासोबत संधिज्वर उलटतो आणि प्रत्येक वेळी व्रणात भर पडते. दाटीवाटीची घरे, एका खोलीत अनेकांनी झोपणे आणि घसादुखीवर वेळेवर उपचार न मिळणे या परिस्थितीत ही पुनरावृत्ती अधिक होते. म्हणूनच हा विकार दारिद्र्याशी निगडित मानला जातो. पाश्चात्त्य ग्रंथांत मिट्रल संकोच हा संधिज्वरानंतर दोन-तीन दशकांनी दिसणारा विकार म्हणून वर्णिलेला असे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकातून भारतात विशीच्या आतील मुलांतही तीव्र मिट्रल संकोच आढळतो, हे निदर्शनास आणले. त्या निरीक्षणामागील सामाजिक वास्तव आजही पूर्णतः बदललेले नाही.

४. लक्षणे व त्यांचा उशीर

निरोगी मिट्रल झडपेच्या मार्गाचे क्षेत्रफळ ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते निम्म्यावर आले तरी बसल्याजागी रुग्णाला काहीच जाणवत नाही. क्षेत्रफळ १.५ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाल्यास संकोच तीव्र समजला जातो. डाव्या अलिंदातील वाढलेला दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि जिना चढताना धाप लागणे, रात्री आडवे झाल्यावर खोकला वा घुसमट होणे, थुंकीतून रक्त पडणे अशी लक्षणे दिसू लागतात. ताणलेल्या अलिंदाची लय बिघडून नाडी अनियमित होते. अलिंदात साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून मेंदूकडे गेल्यास तरुण वयात पक्षाघात होऊ शकतो. रुग्णाच्या हृदयाची पहिली तपासणी पक्षाघातानंतरच व्हावी, असेही घडते.

मिट्रल संकोच स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि पुष्कळदा गरोदरपणातच प्रथम उघडकीस येतो. डाव्या अलिंदातील रक्त निलयात उतरते ते हृदय शिथिल असताना. मिनिटाला ७२ ठोके असताना प्रत्येक ठोक्यामागे यासाठी सुमारे अर्धा सेकंद मिळतो. ठोके १२० झाले की हा अवधी जवळपास निम्म्यावर येतो. गरोदरपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते व ठोकेही वाढतात. अरुंद मार्गातून कमी वेळात अधिक रक्त उतरणे शक्य होत नाही आणि तोवर धडधाकट भासणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांत अकस्मात पाणी साचू शकते. तीव्र ताप, रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही हाच परिणाम घडतो.

लक्षणांच्या उशिराला आणखी एक कारण असते. दम लागू लागला की रुग्ण नकळत आपल्या हालचाली कमी करतो. जिन्याऐवजी लिफ्ट, पायी जाण्याऐवजी रिक्षा असे पर्याय निवडले जातात आणि ‘काही त्रास नाही’ असे उत्तर प्रामाणिकपणेच दिले जाते. म्हणून ‘दम लागतो का?’ या प्रश्नापेक्षा ‘दोन वर्षांपूर्वी सहज करता येणारे कोणते काम आता टाळले जाते?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

५. निदान

५.१ प्रत्यक्ष तपासणी

संधिज्वराच्या निदानासाठी एकच अशी निर्णायक चाचणी नाही. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये मुख्य व गौण लक्षणांची सूची मांडली. तिच्या आधारे आजही निदान केले जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ मध्ये या निकषांत सुधारणा करून, स्टेथोस्कोपने ऐकू न येणारी परंतु इकोकार्डिओग्राफीत दिसणारी झडपेची गळतीही ग्राह्य धरली.

झडपेच्या निदानात स्टेथोस्कोपचे स्थान जुने आहे. पॅरिस येथील रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये ते उपकरण शोधून काढले. निरोगी हृदयाचे दोन ध्वनी झडपा मिटण्याशी निगडित असतात. अरुंद किंवा गळक्या झडपेतून रक्त वाहताना प्रवाहात भोवरे निर्माण होतात व त्यांचा ‘मर्मर’ ऐकू येतो. तो ठोक्याच्या कोणत्या टप्प्यात, छातीवर कोठे व कसा ऐकू येतो, यावरून कोणत्या झडपेत कोणता दोष आहे याचा अंदाज बांधता येतो. मिट्रल संकोचाचा ध्वनी मात्र मंद, खर्जातील असतो; रुग्णास डाव्या कुशीवर वळवून शांत खोलीत लक्षपूर्वक ऐकल्याशिवाय तो निसटतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात अशी शांतता क्वचितच मिळते.

५.२ इकोकार्डिओग्राफी

लोकव्यवहारात ‘टू-डी इको’ या नावाने परिचित असलेली ही तपासणी आज झडपविकाराच्या निदानाचा कणा होय. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाची हालचाल प्रथम नोंदविली. पुढे डॉपलर तत्त्वाची जोड मिळून रक्तप्रवाहाचा वेगही मोजता येऊ लागला.

येथे भौतिकशास्त्राचा एक सुंदर उपयोग दिसतो. अरुंद मार्गातून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो व या वेगावरून दोन बाजूंच्या दाबातील फरक काढता येतो. बर्नुलीच्या समीकरणाचे सोपे रूप असे : मिलिमीटर पारा या एककातील दाबांतर म्हणजे मीटर प्रतिसेकंदातील वेगाच्या वर्गाची चौपट. महाधमनीच्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल तर कमाल दाबांतर ४ × १६ म्हणजे ६४ मिलिमीटर येते. वेग ४ मीटर किंवा त्याहून अधिक असणे ही तीव्र संकोचाची खूण मानली जाते. पूर्वी यासाठी हृदयात नळी सरकवून दाब मोजावा लागत असे. आता छातीवर उपकरण टेकवून, कोणतीही इजा न करता हे उत्तर मिळते.

इको तपासणीत दलांची जाडी, हालचाल, कॅल्शियमचे प्रमाण व आधारतंतूंची अवस्था या चार बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण देऊन एकूण १६ पैकी गुणांक काढला जातो. ‘विल्किन्स गुणांक’ या नावाने ओळखला जाणारा हा आकडा ८ किंवा त्याहून कमी असल्यास फुग्याच्या साहाय्याने झडप उघडण्याचा उपचार यशस्वी होण्याची शक्यता अधिक असते. विलंबाची किंमत या गुणांकात स्पष्ट वाचता येते : वर्षे लोटतात तसा तो वाढत जातो आणि सोपा उपचार हातातून निसटतो.

५.३ सुप्त विकाराचा शोध

हरियाणातील बल्लभगड परिसरातील सहा हजारांहून अधिक शालेय मुलांची तपासणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ प्रत्यक्ष तपासणीने दर हजारी ०.८ मुलांत, तर इकोकार्डिओग्राफीने दर हजारी सुमारे २० मुलांत या विकाराच्या खुणा आढळल्या. ज्या मुलांचे हृदय ऐकून निरोगी वाटते, त्यांतील काहींच्या झडपा अगोदरच बाधित झालेल्या असतात, असा याचा अर्थ होतो.

अशा सुप्त विकारावर उपचार करून लाभ होतो का, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. युगांडातील ८१८ मुलांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दर चार आठवड्यांनी पेनिसिलीन घेणाऱ्या गटात दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा, तर न घेणाऱ्या गटात ८.२ टक्के मुलांचा विकार वाढल्याचे आढळले. लवकर निदानास प्रत्यक्ष उपयोग आहे, हे यामुळे प्रस्थापित झाले.

६. उपचार

६.१ प्रतिबंधात्मक उपचार

उपचारांची पहिली पायरी घशापाशी आहे. स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या घसादुखीवर नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यास संधिज्वर टळतो. यासाठी पेनिसिलीनचे एक इंजेक्शन किंवा तोंडाने दहा दिवसांचा पूर्ण औषधक्रम पुरतो. तिसऱ्या दिवशी बरे वाटल्यावर गोळ्या बंद करण्याची सर्वत्र आढळणारी सवय येथे घातक ठरते.

एकदा संधिज्वर होऊन गेल्यावर दुसरी पायरी सुरू होते. दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. प्रौढांसाठी ही मात्रा १२ लाख युनिट असते. हृदयाला बाधा झाली नसल्यास हा क्रम ५ वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, बाधा होऊन झडप पूर्ववत झाली असल्यास १० वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत आणि झडपेत कायम दोष राहिला असल्यास १० वर्षे किंवा वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत, यांपैकी जो काळ अधिक असेल तो, चालवावा लागतो. काही रुग्णांना तो आजन्म आवश्यक असतो. इंजेक्शन वेदनादायक असते आणि तीव्र प्रतिक्रियेच्या भीतीमुळे अनेक ठिकाणी ते देण्याचे टाळले जाते. खरी तीव्र अ‍ॅलर्जी विरळ असते. तथापि झडपविकार अतितीव्र असून हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांना इंजेक्शनऐवजी तोंडाने औषध देण्याचा विचार करावा, असे मार्गदर्शन अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये केले आहे.

६.२ औषधोपचार

औषधांनी अरुंद झडप रुंद होत नाही. मूत्रल औषधे फुप्फुसांतील पाणी कमी करतात. ठोके मंदावणारी औषधे हृदयाच्या शिथिलतेचा अवधी वाढवितात. रक्त पातळ ठेवणारी औषधे गुठळीला प्रतिबंध करतात. ऱ्हुमॅटिक मिट्रल संकोचासह अलिंदाची लय बिघडलेल्या रुग्णांत जुनी, ‘के’ जीवनसत्त्वाला विरोध करणारी औषधे नव्या रिव्हारोक्सबॅनपेक्षा श्रेष्ठ ठरतात, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने दाखविले. औषधांनी मिळणारा आराम खरा असला तरी तो झडप बरी झाल्याचा पुरावा नसतो. हा भेद रुग्णास न समजल्यास हस्तक्षेपाची योग्य वेळ टळून जाते.

६.३ फुग्याच्या साहाय्याने झडप उघडणे

चिकटलेली मिट्रल झडप बोटाने मोकळी करण्याचा प्रयत्न हेन्री साउटर यांनी लंडनमध्ये १९२५ साली एका तरुण मुलीवर यशस्वीपणे केला. परंतु विकार झडपेत नसून हृदयस्नायूत असतो, या तत्कालीन समजुतीमुळे त्यांच्याकडे पुन्हा असा रुग्ण पाठविला गेला नाही. तेवीस वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्केन आणि इंग्लंडमध्ये रसेल ब्रॉक यांनी ही शस्त्रक्रिया पुनरुज्जीवित केली. जपानचे कांजी इनोऊये यांनी १९८२ मध्ये हेच कार्य छाती न उघडता साधले. जांघेतील शिरेतून नळी उजव्या अलिंदात नेली जाते, दोन अलिंदांमधील पडद्याला सूक्ष्म छिद्र करून ती डावीकडे सरकविली जाते आणि झडपेच्या मुखाशी फुगा फुगवून चिकटलेल्या कडा विलग केल्या जातात. रुग्ण काही दिवसांतच घरी जातो. स्वतःची झडप शाबूत राहणे हा या उपचाराचा सर्वांत मोठा लाभ होय. झडपेत मोठी गळती, जाड कॅल्शियम किंवा अलिंदात गुठळी असल्यास मात्र हा मार्ग खुला राहत नाही.

६.४ झडपेची दुरुस्ती व प्रत्यारोपण

दलांची हानी फार झाली नसल्यास शल्यविशारद झडपेची दुरुस्ती करतात. फ्रान्सचे आलँ कार्पाँतिए यांनी या तंत्राला शास्त्रशुद्ध रूप दिले. दुरुस्ती अशक्य असल्यास झडप बदलावी लागते. अल्बर्ट स्टार व अभियंते लोवेल एडवर्ड्स यांनी तयार केलेली, पिंजऱ्यात हलणाऱ्या गोळ्याची झडप १९६० मध्ये अमेरिकेत मिट्रलच्या जागी यशस्वीपणे बसविण्यात आली. त्यानंतर तबकडीच्या व दोन पात्यांच्या झडपा आल्या.

भारताच्या दृष्टीने तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. आयात झडपांची किंमत सामान्य रुग्णास परवडणारी नसल्याने डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथे देशी झडपेचा प्रकल्प हाती घेण्यात आला. आधीच्या प्रतिकृती चाचण्यांत अपुऱ्या ठरल्यावर चौथी प्रतिकृती कसोटीस उतरली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णास बसविण्यात आली. धातूच्या चौकटीत तिरकी उघडणारी विशिष्ट प्लॅस्टिकची तबकडी असे तिचे स्वरूप आहे. ‘चित्रा’ या नावाने ओळखली जाणारी ही झडप आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना बसविण्यात आली आहे.

कृत्रिम झडपेचे दोन वर्ग आहेत. धातू-कार्बन आदींची यांत्रिक झडप अनेक दशके टिकते. परंतु तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध आजन्म घ्यावे लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून तयार केलेल्या जैविक झडपेला बहुधा असे औषध कायम लागत नाही. मात्र ती साधारणतः दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि तरुण रुग्णांत त्याहूनही लवकर. सत्तरीच्या रुग्णासाठी निवड सोपी असते. बावीस वर्षांच्या, पुढे मातृत्वाची इच्छा असलेल्या मुलीसाठी दोन्ही पर्याय सदोष असतात.

६.५ नळीद्वारे झडपरोपण

फ्रान्समधील रुआँ येथे आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी जांघेतील रक्तवाहिनीतून नळी नेऊन महाधमनीची झडप बसविली. वृद्ध व शस्त्रक्रियेस असमर्थ रुग्णांना या तंत्राने मोठा दिलासा मिळाला असून भारतातही ते उपलब्ध आहे. तथापि कॅल्शियमने ताठरलेल्या महाधमनी झडपेसाठी ते विकसित झाले आहे. ऱ्हुमॅटिक मिट्रल विकाराच्या तरुण रुग्णांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

७. कृत्रिम झडपेनंतरचे आयुष्य

‘ऑपरेशन झाले, आता रुग्ण बरा झाला’ ही समजूत दूर करणे आवश्यक आहे. यांत्रिक झडपेच्या रुग्णाने वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल हे औषध दररोज ठराविक वेळी घ्यावयाचे असते आणि रक्त गोठण्याचा काळ दर्शविणारा आयएनआर हा निर्देशांक नियमितपणे, स्थिर असतानाही साधारण महिन्याला एकदा, तपासावयाचा असतो. निरोगी व्यक्तीत तो १ च्या आसपास असतो. मिट्रलच्या जागी यांत्रिक झडप असल्यास तो ३ च्या आसपास, म्हणजे २.५ ते ३.५ या दरम्यान ठेवावा लागतो. तो कमी झाल्यास झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते. वाढल्यास मेंदूत वा पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

या औषधाचा परिणाम आहारावर व इतर औषधांवर अवलंबून असतो. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व त्याचा परिणाम कमी करते. म्हणून भाज्या वर्ज्य करण्याची गरज नसते. त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवणे पुरते. वेदनाशामके, काही प्रतिजैविके व घटक माहीत नसलेली चूर्णे परस्पर घेणे धोक्याचे असते. नवी, तपासणीची गरज नसलेली रक्त पातळ करणारी औषधे यांत्रिक झडपेसाठी वापरता येत नाहीत. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत वॉरफरिनमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, तर ते थांबविल्यास मातेच्या झडपेला धोका संभवतो. हा निर्णय गर्भधारणेपूर्वीच तज्ज्ञांच्या सल्ल्याने व्हावा लागतो. दात काढण्यासारख्या उपचारापूर्वी जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविक घ्यावे लागते. संधिज्वराच्या रुग्णास झडप बदलल्यानंतरही पेनिसिलीन चालू ठेवावे लागते, कारण उर्वरित झडपा त्याच्या स्वतःच्याच असतात.

शस्त्रक्रियेचा खर्च आता पूर्वीइतका मोठा अडसर राहिलेला नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा ज्योतिबा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत झडपेवरील उपचारांचा समावेश आहे. परंतु योजनेतून झडप मिळाल्यावर गावापासून दूर असलेल्या प्रयोगशाळेत दरमहा जाण्याचा खर्च व बुडणारा रोजगार रुग्णाच्याच वाट्याला येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या या काळजीची व्यवस्था हा उपचारशृंखलेतील दुर्बळ दुवा आहे.

८. शैक्षणिक संस्थांची भूमिका

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ऱ्हुमॅटिक हृद्रोगाचा त्यात समावेश आहे. शाळेतून ही तपासणी होते; महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर मात्र विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर जातो. ज्या वयात झडपविकार लक्षणांद्वारे प्रकट होऊ लागतो, नेमके तेच हे वय होय. शिक्षणासाठी गाव सोडून वसतिगृहात राहावयास आलेल्या विद्यार्थ्याचा दर तीन आठवड्यांच्या इंजेक्शनचा क्रमही याच काळात तुटतो, कारण गावातील आरोग्यकेंद्र व पाठीशी लागणारे आईवडील दोन्ही दूर राहिलेले असतात.

या संदर्भात काही साध्या उपाययोजना शक्य आहेत. प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत ‘लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?’ आणि ‘महिन्याचे इंजेक्शन चालू होते का?’ हे दोन प्रश्न विचारता येतील. शारीरिक शिक्षण, राष्ट्रीय सेवा योजना वा छात्रसेनेच्या कवायतीत बरोबरीच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर दमणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आळशी’ न ठरविता एकदा त्याची तपासणी करवून घेणे उचित ठरेल. शाळेत एखाद्या मुलाचे अक्षर अचानक बिघडणे, हातातून वस्तू पडणे, चेहऱ्याच्या विचित्र हालचाली होणे हे खोडकरपणाचे लक्षण मानले जाते. संधिज्वरातही नेमके असेच घडते आणि ते सर्वप्रथम शिक्षकाच्याच नजरेस पडते. निदान झालेल्या विद्यार्थ्याची माहिती गोपनीय ठेवणे, विशेषतः विद्यार्थिनींच्या बाबतीत, तितकेच महत्त्वाचे आहे. विवाह जुळण्यात अडचण येईल या भीतीने आजार लपविला जातो आणि औषधेही थांबविली जातात.

९. निष्कर्ष

झडपविकाराच्या उपचारांत गेल्या शतकात झालेली प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि या उपचारांचा क्रम लावून पाहिल्यास असे दिसते की, घसादुखीच्या टप्प्यावर एक इंजेक्शन पुरते; संधिज्वरानंतर ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते; संकोचाचे निदान वेळेवर झाल्यास फुग्याने काम भागते; त्याहून उशीर झाल्यास झडप बदलावी लागते व तिच्यासोबत आजन्म औषध आणि तपासणी येते. प्रत्येक पुढच्या टप्प्यावर उपचार अधिक खर्चिक, अधिक गुंतागुंतीचा व अधिक अपूर्ण होत जातो. कृत्रिम झडप प्राण वाचविते, परंतु मूळ झडपेची बरोबरी करू शकत नाही.

म्हणून झडपविकाराच्या व्यवस्थापनाचा विचार केवळ मोठ्या शहरांतील हृदयशल्यकेंद्रांच्या संदर्भात करणे अपुरे आहे. प्राथमिक आरोग्यकेंद्रात पेनिसिलीनची अखंड उपलब्धता, शालेय वयात विकाराचा शोध, तालुका पातळीवर आयएनआर तपासणीची सोय आणि शिक्षकांची सजगता हे त्या व्यवस्थापनाचे अविभाज्य घटक होत. त्यांपैकी शेवटच्या घटकासाठी नव्या यंत्राची गरज नाही. वर्गात व मैदानावर दमणाऱ्या विद्यार्थ्याकडे वेळीच लक्ष जाणे पुरेसे आहे.